स्पेक्ट्रमच्या कॅसेटींवरचा मराठी मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर आणताना

झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. त्याचीच स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने भारतात विकली. या यंत्राच्या काही कॅसेटी आणि बरीच वर्षं बंद असलेलं एक यंत्र जानेवारी २०२५ मध्ये माझ्याकडे आलं. कॅसेटींवर बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत घरी लिहिलेले प्रोग्राम होते, हाताने आखलेला एक देवनागरी फॉन्ट होता आणि त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर होता. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे कॉम्प्युटर आणि मोबाइल वापरतात त्या अक्षरसंकेतात, आणणं एवढंच ठरवलं होतं. ऑगस्टपर्यंत काम चाललं. अशा कॅसेटी अजून अनेक घरांत माळ्यावर असतील, म्हणून सगळं क्रमाने आणि आकड्यांसह लिहून ठेवतो.

पहिलं काम कॅसेट डेकचं. जुन्या डेकमधला रबरी बेल्ट एक तर सैल होतो, नाही तर विरघळून डांबरासारखा चिकटतो. चिकटलेला बेल्ट पुलीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय नवा चढवायचा नाही, नाहीतर वेग हलता राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बेल्ट १५० रुपयांना मिळाला, १०० मिली अल्कोहोल १८० ला, आणि डेक उघडून साफ करून देणाऱ्या कारागिराने ६०० घेतले. डेक त्याच्याकडे आठवडाभर होता. तोवर कॅसेटी तपासून घ्याव्यात. टेपच्या मागची फेल्टची छोटी गादी निखळलेली असेल तर टेप हेडवर नीट दाबली जात नाही आणि आवाज येत-जात राहतो. अशा वेळी आतली टेप स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या डबीत हलवावी. कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेले वेढे त्याने मोकळे होतात. आणि रेकॉर्डिंग रोखण्यासाठी वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे छोटे टॅब आधीच मोडून टाकावेत.

रेकॉर्डिंगआधी टेपवर नेमकं काय असतं ते समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे जातात. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८०. टेपवर फाइल नसते, ब्लॉक असतात. प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला साधारण ८०७ हर्ट्झचा सलग सूर वाजतो, हेडरच्या आधी पाच सेकंद आणि डेटाच्या आधी दोन. त्यानंतर बिट येतात. शून्याचा एक आवर्त (लाटेचा एक पूर्ण हेलकावा) २,०४७ हर्ट्झचा, एकाचा त्याच्या दुप्पट लांब, म्हणजे १,०२३ हर्ट्झचा. सरासरी वेग सेकंदाला १,३६५ बिट पडतो. स्क्रीनचं एक चित्र ६,९१२ बाइटचं, ते भरायला चाळीस सेकंद लागतात. सगळी ४८ केबी मेमरी भरायला जवळजवळ पाच मिनिटं. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एकच बाइट तपासणीसाठी असतो, आधीच्या सगळ्या बाइटांचा एक्स-ऑर (दोन बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक, असा हिशोब). हिशोब शून्य आला तर ब्लॉक बरोबर, नाही तर पडद्यावर 'आर टेप लोडिंग एरर'.

यावरून रेकॉर्डिंगची मापं ठरतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर शून्याच्या आवर्तात २१.५ नमुने येतात आणि एकाच्या आवर्तात ४३. दोघांत भरपूर अंतर आहे, ३२ वर रेघ मारली की निवाडा होतो. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, आणि न दाबलेल्या आवाजाची वेव्ह फाइल. एमपी-३ कधीही नाही. कानाला जे ऐकू येत नाही ते एमपी-३ टाकून देतं, आणि लाटेचा आकार त्याबरोबर बदलतो. इथे आकारच सगळं आहे.

लॅपटॉपवर खरी अडचण आली ती इथेच. आजच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच जॅक असतो आणि त्यात माइकपुरती जागा. डेकचा लाइन-आउट त्यात जोडला की सिग्नल कापला जातो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड १,९०० रुपयांना घेतलं. ते जोडूनही सुरुवातीचे ब्लॉक वाचले जाईनात. विंडोज ११ मध्ये इनपुटवर आवाज सुधारण्याची सोय अनेकदा आपोआप चालू असते, आणि त्यात नॉइज सप्रेशन असलं की ते न बदलणाऱ्या सलग आवाजाला पंख्याची किंवा एसीची घरघर समजून दाबतं. ब्लॉकच्या आधीचा सूर नेमका तसाच असतो. पडद्यावर लाट पाहिली तर सूर जोरात सुरू होतो आणि सेकंदाभरात विरून जातो, मग डेटा आला की पातळी पुन्हा उसळते. साउंडच्या सेटिंगमध्ये इनपुट उपकरण उघडून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद केल्यावर लाट सरळ झाली. मोबाइलच्या व्हॉइस रेकॉर्डरने कॅसेट उतरवू पाहणाऱ्यांनाही हीच अडचण येते, शिवाय तिथे पातळी आपोआप खालीवर करणारी सोय बंदच करता येत नसते.

या टप्प्यावर जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधला फरक हाताला लागतो. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये, म्हणजे यंत्रात कायमच्या भरलेल्या मेमरीत, टेप वाचणारा भाग पत्ता १३६६ पासून सुरू होतो. आलेल्या सिग्नलच्या कडा मोजणं एवढंच तो करतो, तेवढा वेळ बाकीचं यंत्र थांबलेलं असतं. कडा कधी येईल याची वेळ त्याला प्रोसेसरच्या ठोक्यांत माहीत असते. आजच्या सिस्टिमवर तोच आवाज ड्रायव्हर, मिक्सर, सुधारणांची साखळी आणि अ‍ॅप एवढ्या थरांतून येतो, आणि प्रत्येक थर माणसाचा आवाज ऐकायचा आहे असं धरून चालतो. त्याचा मीटिंगमध्ये फायदा होतो. टेपच्या कामात मात्र प्रत्येक थर शोधून बंद करावा लागतो.

मार्चमध्ये रेकॉर्डिंग झालं. पातळी कमाल मर्यादेच्या सहा डेसिबल खाली ठेवावी. डेकवरची डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, बंद. डेकच्या हेडशेजारी स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो, तो हेडचा कल ठरवतो. कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचा कल वेगळा असू शकतो, त्यामुळे कॅसेट वाजत असताना हा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवून आवाज सर्वात धारदार कुठे येतो ते पाहावं, आणि प्रत्येक कॅसेटला नव्याने पाहावं. स्टिरिओमध्ये रेकॉर्ड करावं, पण डावा आणि उजवा चॅनल मिसळू नये. कल जरा जरी चुकलेला असला तरी दोन्ही चॅनल एकमेकांच्या मागेपुढे असतात आणि मिसळल्यावर लाट पुसट होते. वेगळे ठेवले तर एकाच टेपची दोन स्वतंत्र वाचनं हाताशी राहतात. त्याचा उपयोग पुढे येतोच आहे. एका चॅनलचा मिनिटाला ५.३ एमबी असा हिशोब धरावा. ४८ केबी भरणाऱ्या प्रोग्रामचं एका चॅनलचं रेकॉर्डिंग २५ एमबीच्या आसपास जातं.

वेव्हमधून ब्लॉक काढायला तयार प्रोग्राम आहेत, पण खराब टेपसाठी स्वतःची छोटी पायथन स्क्रिप्ट जास्त कामाची, कारण नेमकं कुठे बिनसलं ते ती सांगते. तत्त्व सोपं आहे. लाट शून्यरेषा खालून वर कुठे ओलांडते ते टिपायचं आणि दोन ओलांडण्यांमधले नमुने मोजायचे. ५५ च्या आसपास आकडे सलग आले तर तो सुरुवातीचा सूर, मग १८ च्या आसपास एकच आकडा आला की त्यानंतर डेटा. पूर्ण आवर्त मोजल्यामुळे लाट थोडी वर किंवा खाली सरकलेली असली तरी बिघडत नाही. एक गोष्ट मात्र पाहावी: काही डेक लाट उलटी देतात. तसं झालं तर मोजलेला आवर्त एका बिटाचा अर्धा आणि पुढच्याचा अर्धा असा पडतो आणि २१ व ४३ च्या मधले, ३२ च्या आसपासचे आकडे ढिगाने दिसतात. लाट उलटी करून पुन्हा चालवली की झालं.

बहुतेक ब्लॉक असे सुटले. काहींचा एक्स-ऑर शून्य येईना. एक्स-ऑरचं वैशिष्ट्य असं की एकच बिट उलटलं असेल तर उरलेला आकडा बिटाचं स्थान सांगतो. उदाहरणार्थ, हिशोब ८ उरला तर कोणत्या तरी बाइटात ८ किमतीचं बिट चुकलं आहे. कोणता बाइट ते कळत नाही. इथे डाव्या-उजव्या चॅनलची वाचनं समोरासमोर ठेवायची. जिथे दोघांत फरक आणि तोही त्याच बिटात, ती जागा. आवर्तच गळला असेल तर मात्र पुढचे सगळे बाइट सरकतात, मग लाट डोळ्यांनी पाहून तिथे हाताने बिट घालावं लागतं.

बेसिक प्रोग्राम असेल तर आणखी एक आधार मिळतो. स्पेक्ट्रम प्रत्येक संख्या दोनदा साठवतो. एकदा दिसणारे अंक, आणि त्यांच्यामागे १४ हा संकेत देऊन पाच बाइटांत किंमत. ६४००० असेल तर पुढे १४ आणि मग ०, ०, ०, २५०, ० असे बाइट येतात, कारण २५० गुणिले २५६ म्हणजे ६४,०००. अंकांच्या जागी कचरा दिसत असेल तर मागच्या पाच बाइटांतून खरी संख्या परत मिळते. मेमरी एवढी तुटपुंजी असताना अशी दुहेरी नोंद ठेवली ती वेगासाठी, प्रोग्राम चालताना अंक पुन्हा वाचावे लागू नयेत म्हणून. आज ती दुरुस्तीला उपयोगी पडते.

यंत्राची दुरुस्ती यासोबतच चालू होती. कॅसेटींपुरतं बोलायचं तर यंत्र लागतच नाही. फ्यूज नावाचा मोफत एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतो. रॉमचा हक्क अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेला, कारण त्यांनी १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतला. रॉम एम्युलेटरसोबत वाटायला त्यांनी १९९९ मध्ये परवानगी दिली, हक्क स्वतःकडे ठेवून. घरी लिहिलेले प्रोग्राम लिहिणाऱ्याचे असतात, विकत घेतलेल्या खेळांचं तसं नाही, एवढं लक्षात ठेवून काय इंटरनेटवर टाकायचं ते ठरवावं.

यंत्र चालू करायचंच असेल तर पहिला धोका अ‍ॅडॅप्टरचा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण पिनचा मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन. दुकानात मिळणारे बहुतेक ९ व्होल्टचे अ‍ॅडॅप्टर याच्या उलट असतात. तसा लावला तर बोर्ड जळू शकतो. १.४ अँपिअर किंवा जास्त क्षमतेचा अ‍ॅडॅप्टर ३५० रुपयांना घेऊन पिनची जोडणी उलटवून घेतली आणि लावण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासली. नंतर बोर्डवर ७८०५ रेग्युलेटरचे ५ व्होल्ट, आणि ४११६ मेमरी चिपांना लागणारे अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ असे तिन्ही व्होल्टेज पाहावेत. उणे ५ नाहीसे झाले तर या चिप मरतात, आणि उणे ५ जातात ते बहुधा टीआर-४ हा ट्रान्झिस्टर गेल्यामुळे. इथे ते शाबूत होते. कीबोर्डच्या आतला प्लास्टिकचा मेम्ब्रेन मात्र वाळून तडकलेला होता. या यंत्रांत तो बदलावाच लागतो.

मेम्ब्रेन ब्रिटनहून मागवला. कुरियरने पार्सल भारतात पोचल्यावर केवायसी मागितली: पॅन, आधार, खरेदीचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी असल्याचं पत्र. ऑर्डर देतानाच विक्रेत्याला बिलावर 'कॉम्प्युटर कीबोर्डचा सुटा भाग' असं स्पष्ट लिहायला सांगावं. नुसतं 'व्हिंटेज पार्ट' लिहिलं तर वर्गवारीवरून विचारणा होते आणि कागद पुन्हा पाठवावे लागतात. बिलावरचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरशः एकच असावं. एप्रिलच्या शेवटी दिलेली ऑर्डर मेच्या तिसऱ्या आठवड्यात हातात आली. किंमत, पाठवणी आणि ड्यूटी धरून ४,६०० रुपये गेले. या वाटेत काय चाललंय ते कळत नाही आणि अस्वस्थ व्हायला होतं, पण कागद एकदाच नीट दिले की पुढे फारसं काही करावं लागत नाही.

जूनमध्ये यंत्र सुरू झालं. वीज दिली की मेमरीची तपासणी होऊन जेमतेम दोन सेकंदांत पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ येते. तिथून पुढे सगळं यंत्र आपलं असतं. लॉगिन, अपडेट यातलं काही नाही, आणि कोणती मेमरी कुणाची याचं कुंपणही नाही. एक पोक (मेमरीत थेट आकडा लिहिण्याची आज्ञा) चुकला तर सगळं गोठतं, वीज बंद करून पुन्हा पाच मिनिटं टेप ऐकावी लागते. आज एखादं अ‍ॅप कोसळलं तर तेवढंच जातं, शेजारचं पत्र सुरक्षित राहतं. जुन्या यंत्रांच्या प्रेमात ही गोष्ट विसरली जाते, आणि ती फार मोठी आहे. दुसरीकडे, आजच्या प्रोसेसरवर सिस्टिम मेमरीचं एक पान सहसा ४ केबीचं धरते. अशा चार पानांएवढ्या रॉममध्ये स्पेक्ट्रमचं बेसिक, दशांशी गणित, टेपचे कार्यक्रम, स्क्रीन आणि अक्षरांचा साचा असं सगळं बसलं, आणि १,१७० बाइट शिल्लक राहिले.

लॅपटॉपवरून खऱ्या यंत्रात प्रोग्राम घालायचा तर फ्यूजसोबत मिळणाऱ्या साधनांपैकी 'टेप-टू-वेव्ह'ने पुन्हा आवाज बनवायचा आणि हेडफोनच्या जॅकमधून 'इअर'च्या भोकात वाजवायचा. आवाज मोठा ठेवावा आणि सूचना पूर्ण बंद. मधेच ई-मेलची टिंग वाजली तर ब्लॉक गेला.

आता फॉन्ट. स्पेक्ट्रमचा प्रत्येक वर्ण आठ बाय आठ ठिपक्यांचा, म्हणजे आठ बाइट. ९६ वर्णांचा साचा रॉममध्ये असतो, पण तो कुठे आहे हे २३६०६ आणि २३६०७ या दोन बाइटांत लिहिलेलं असतं आणि ते बदलता येतं. कॅसेटवरचा प्रोग्राम फॉन्ट ६४००० वर भरतो, मग २३६०६ मध्ये ० आणि २३६०७ मध्ये २४९ टाकतो. इंग्रजी K दाबला की क उमटतो. ६४३४४ पासूनचे आठ आकडे असे आहेत: ०, ०, २५५, ११०, १५३, १०६, ८, ०. पहिल्या दोन ओळी रिकाम्या, तिसरी शिरोरेषा, मग चार ओळींत सगळा क. वरच्या दोन ओळी मात्रेसाठी आणि शेवटची उकारासाठी राखलेली. एवढ्या जागेत तो क म्हणून वाचता येतो. आखणाऱ्याने वहीवर किती चौकटी खोडल्या असतील!

मात्रा चढवण्याची युक्ती त्याहून सुंदर आहे. स्पेक्ट्रमवर 'ओव्हर' चालू केलं की नवा वर्ण जुन्यावर छापला जातो, पण एक्स-ऑरने: दोन्हीकडे ठिपका असेल तर तो पुसला जातो. म्हणून मात्रेचं चित्र शिरोरेषेला कुठेही शिवत नाही. 'के' लिहायला क, ओव्हर चालू, एक घर मागे, मात्रा, ओव्हर बंद असा क्रम आहे: सात बाइट. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत 'के'ला सहा लागतात.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणताना खरी कसरत क्रमाची होती. कॅसेटवर अक्षरं दिसतात त्या क्रमाने आहेत. 'किती'मध्ये आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं: आधी क, मग वेलांटी, आणि ती डावीकडे काढायचं काम चित्र काढणाऱ्या भागाचं. त्यामुळे वेलांटी पुढच्या पूर्ण अक्षराच्या, जोडाक्षर असेल तर सगळ्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. रफार उलट दिशेने. तो छापला गेला आहे अक्षरानंतर, साठवायचा आहे अक्षराआधी, र आणि हलन्त म्हणून. स्क्रिप्टमध्ये आधी ओव्हरचे क्रम एकेका चिन्हात गोळा करावेत, मग अर्ध्या अक्षरांना हलन्त द्यावा, त्यानंतर वेलांटी आणि सर्वात शेवटी रफार. हा क्रम बदलला तर 'वर्षी'सारखे शब्द फुटतात.

'दर्या' आणि 'दऱ्या' मात्र मशीनवर सोडता आले नाहीत. या फॉन्टमध्ये दोन्हींसाठी रफारच वापरला आहे, कारण जागाच नव्हती. युनिकोडमध्ये दुसऱ्यासाठी ऱ वेगळा आहे, पण दरी की समुद्र हे वाक्य वाचूनच ठरतं. असे शब्द एकेक करून हाताने तपासले. सगळं झाल्यावर मजकुरात शब्द शोधला आणि तो सापडला, तेव्हा फार बरं वाटलं. देवनागरीच्या बाबतीत आजच्या सिस्टिमने जे दिलं आहे त्याची किंमत असा मजकूर हाताने सोडवताना कळते.

एकूण खर्च ७,८०० रुपयांच्या आत राहिला. यंत्र चालू करायचं नसेल तर ३,००० पुरतात. जपून ठेवताना मूळ स्टिरिओ वेव्ह टाकू नये, फ्लॅकमध्ये दाबून ठेवावी. त्यात काही गळत नाही आणि जागा कमी लागते. तिच्याशेजारी टॅप फाइल (टेपवरचे ब्लॉक एम्युलेटरला वाचता येतील अशा रूपात), प्रोग्रामचं साध्या मजकुरातलं लिस्टिंग आणि कोणत्या बाइटात काय दुरुस्त केलं याची नोंद ठेवावी.

एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा एक ब्लॉक अजून सुटलेला नाही. तिथे टेप दुमडलेली आहे आणि दोन्ही चॅनल एकाच ठिकाणी जातात. हेडरवरून तो वर्णांचा अ‍ॅरे आहे एवढं कळतं, म्हणजे मजकूरच असणार. टेप सपाट करून दुसऱ्या डेकवर, हेडचा कल नव्याने लावून तो पुन्हा वाचायचा आहे.